जागं कोणी राहायचं?

गाढ झोपेची भीती इंद्रालाही वाटली होती. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात तो आत्म्याचा शोध घेत प्रजापतीकडे येतो. ३२ वर्षं राहतो, उत्तर घेऊन निघतो, वाटेत शंका येते म्हणून परततो, पुन्हा ३२ वर्षं राहतो. तिसऱ्या खेपेनंतर प्रजापती त्याला सांगतो, की माणूस गाढ झोपलेला असताना, स्वप्नही पडत नसताना जे शांत असतं, तोच आत्मा. इंद्र निघतो, पण देवांपर्यंत पोचण्याआधीच थबकतो. अशा झोपेत आपण कोण हेही कळत नाही आणि भोवतालचं काही कळत नाही. हे तर नाहीसं होण्यासारखंच झालं, यात भलं ते काय? प्रजापती त्याला वेड्यात काढत नाही. तुझं म्हणणं खरं आहे, असं म्हणतो आणि आणखी पाच वर्षं राहायला सांगतो. सगळी मिळून १०१ वर्षं होतात.

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या घरांत हीच शंका रोज रात्री नव्यानं उभी राहते. इन्शुलिनवर जगणाऱ्या मुलाची साखर झोपेत एकाएकी उतरू शकते. जागेपणी असं झालं तर घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते आणि मूल चटकन ग्लुकोज तोंडात टाकतं. गाढ झोपेत मात्र शरीराचा अ‍ॅड्रेनलिनचा इशाराच क्षीण होतो. किशोरवयीन मुलांवर झालेल्या अभ्यासातून ही गोष्ट १९९८ मध्ये पुढे आली. तेव्हा सोळा वर्षांची मुलगी "झोपेत मला कळणारच नाही" असं म्हणते, त्यात तिचा काही भ्रम नसतो. आई रात्री दोनला किंवा तीनला उठून तिच्या बोटाला सुई टोचते. मुलगी अर्धवट जागी होते, आकडा विचारते, आणि मग दोघी छताकडे बघत पडून राहतात.

प्रत्येक दीर्घ आजाराची रात्र अशी वेगळी असते. दम्याचा जोर मध्यरात्रीनंतर, बहुतेकदा पहाटे वाढतो. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत सिकलसेलची मुलं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांनी भरपूर पाणी प्यायलाच हवं, पण आजारामुळे मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून त्यांना रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं; त्यात हाडांची कळ असली तर मग बघायलाच नको. थॅलेसेमियाच्या मुलांनी वर्षानुवर्षं पोटाच्या कातडीत सुई खोचून, आठ ते बारा तास चालणारा पंप लावून रात्री काढल्या. शरीरात साठलेलं लोह बाहेर काढण्याचा तेव्हा तोच मार्ग होता. गोळ्या आल्यावर अनेकांची त्यातून सुटका झाली. रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत ठरावीक दिवस स्टिरॉइड द्यावं लागतं, आणि त्या दिवसांत मुलं रात्रभर टक्क जागी असतात. यात वयाचीही भर पडते. वयात येताना मेंदूतलं मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे निरोगी मुलालाही दहाला झोप येईनाशी होते. १३ ते १८ या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये नमूद केलं. आजारी मुलाला त्यातले किती तास मिळतात, हे घरातलं दुसरं जागं माणूसच सांगू शकेल.

अशा वेळी गोळी मागण्याचा मोह होणं स्वाभाविक आहे. परंतु मुलांच्या निद्रानाशावर म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आजवर एकाही गोळीला मान्यता दिलेली नाही. या मुलांच्या पोटात आधीच चार-पाच औषधं जात असतात. त्यात झोपेचं औषध मिसळलं तर श्वास मंदावण्याची, दिवसभर गुंगी राहण्याची, सवय लागण्याची जोखीम असते. काही मुलांना ते द्यावं लागतं, आणि तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. इतरांसाठी औषधाविना झोप आणण्याचे जे उपाय गेल्या पन्नास वर्षांत तयार झाले, त्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. झोप प्रयत्नानं मिळते, की प्रयत्न सोडल्यावर? आणि आजारी मुलाच्या बाबतीत त्याला लगडून दुसरा प्रश्न येतो: प्रयत्न सोड, असं त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला?

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दिलं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलं, की निद्रानाश झालेल्या माणसाचं अंथरूण हे हळूहळू जागण्याचं ठिकाण बनतं. म्हणून अंथरुणावर फक्त झोपायचं. झोप आली नाही तर पंधरा-वीस मिनिटांनी उठून दुसरीकडे बसायचं, झोप दाटली की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक उलटा वाटणारा उपाय सुचवला. नऊ तास लोळून सहाच तास झोप लागत असेल, तर अंथरुणातला वेळच कमी करायचा. मग झोपेची ओढ साठते, तुकडे सांधले जातात आणि वेळ पुन्हा टप्प्याटप्प्यानं वाढवता येतो. या दोन्हींना काळजीच्या विचारांवरच्या कामाची आणि शरीर सैल सोडण्याच्या सरावाची जोड मिळून जी पद्धत तयार झाली, ती सीबीटी-आय या नावानं ओळखली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीआधी तिचीच शिफारस केली. किशोरवयीन मुलांवर ती चालते का, हे अ‍ॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी ११६ मुलांवर पाहिलं. गटात बसून आणि इंटरनेटवरून, दोन्ही प्रकारे मुलांची झोप सुधारली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सिएटलमध्ये टोन्या पालेर्मो यांनी जुनाट वेदना असलेल्या मुलांसाठी ही पद्धत वापरून पाहण्याचं काम चालवलं आहे.

आजारी मुलाला मात्र ही पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. अपस्माराच्या मुलाचा अंथरुणातला वेळ कमी केला तर अपुऱ्या झोपेनं झटकाच येऊ शकतो. सिकलसेलच्या मुलाचे टॉन्सिल वाढलेले असतील, तो घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. लोह कमी असल्यानं पाय वळवळत असतील तर त्यावर उपचार हवेत. वेदना, खाज, खोकला यांवर इलाज न करता मुलाला झोपेचं वेळापत्रक लावणं हा अन्याय आहे. स्टिरॉइडची मात्रा सकाळी घेता येईल का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारल्यानंही काही रात्री वाचतात.

आणि "दुसऱ्या खोलीत जाऊन बस" ही सूचना चाळीतल्या एका खोलीत कशी पाळायची? इथे मराठी घराची एक जुनी सवय कामी येते. सकाळ झाली की अंथरुणाची वळकटी करून कोपऱ्यात ठेवायची आणि रात्रीच ती उलगडायची. बूटझिन यांचा नियम या सवयीत आयताच पाळला जातो. आजारपण आलं की पहिली मोडते ती हीच सवय. पलंग घेतला जातो, मग त्यावरच जेवण, त्यावरच अभ्यास, त्यावरच पाहुण्यांशी बोलणं. बसता येत असलेल्या मुलानं दिवसा सतरंजीवर किंवा खुर्चीत बसावं आणि अंथरूण रात्रीसाठीच राखावं, एवढा बदल गरिबातल्या गरीब घरात करता येतो. दुखण्याचा जोर असलेले दिवस अर्थातच याला अपवाद.

इथपर्यंतची सगळी बाब सरावाची झाली. उरलेल्या अर्ध्या उत्तराचं नातं नेमकं उलट्या गोष्टीशी आहे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल झोप न येणाऱ्या रुग्णाला सांगत, की आज झोपायचंच नाही, जागं राहायचा प्रयत्न करा. झोप आणण्याचा अट्टहास गळून पडला की झोप येऊ लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. ब्रिटनमधले संशोधक कॉलिन एस्पी यांनी २००६ मध्ये त्याची साखळी मांडली. आधी झोपेकडे लक्ष जातं, मग झोपायचंच असा हेतू धरला जातो, मग प्रयत्न सुरू होतो, आणि प्रत्येक पायरीवर झोप दूर सरकते. चांगली झोपणारी माणसं झोपण्यासाठी काहीच करत नसतात.

भारतीय तत्त्वचिंतनाला ही गाठ अनोळखी नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्तवृत्ती आवरण्यासाठी अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितली. नुसता अभ्यास केला तर माणूस ताणला जातो, आणि नुसतं वैराग्य धरलं तर त्याला बसायला जागाच सापडत नाही. उठण्याची वेळ, संध्याकाळचा मंद उजेड, वळकटी हे सगळं अभ्यासाच्या बाजूला येतं; झोप आली काय नि न आली काय, पडून राहीन, हे वैराग्याच्या. शवासन याच दोहोंच्या मध्ये आहे. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेनं ते थकवा घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं आसन म्हणून सांगितलं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयात स्वामी सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेची आजची पद्धत घडवली, आणि शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू आवळून सैल सोडण्याचा क्रम पुस्तकातून मांडला. संधिवाताच्या किंवा सिकलसेलच्या मुलानं मात्र स्नायू आवळू नयेत, दुखणं वाढतं. त्यानं नुसतं सैल सोडावं. ज्याच्या अंगात कळ आहे, त्याला अंगभर लक्ष फिरवायला सांगितलं तर कळच मोठी होते. त्याचं लक्ष श्वासाकडे किंवा पंख्याच्या आवाजाकडे वळवलेलं बरं.

पतंजली झोपेला रिकामी जागा मानत नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती या पाच वृत्तींत त्यांनी निद्रेची गणना केली. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य त्याला पुरावा देतं, की उठल्यावर माणसाला आपण सुखानं झोपलो किंवा वाईट झोपलो हे आठवतं. ज्याचा अनुभवच नाही ते आठवेल कसं? वेदान्ती याच आठवणीवरून वेगळा निष्कर्ष काढतात, झोपेतही जागा असणाऱ्या साक्षीचा. वाद कोणी जिंकला ते बाजूला राहू द्या. आपल्याच झोपेची माहिती आपल्याला सकाळच्या आठवणीतून मिळते, हे दोन्ही पक्ष धरून चालतात. निद्रानाशाच्या अनेक रुग्णांची आठवण आणि मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद जुळत नाही, असं झोपेच्या प्रयोगशाळांतही दिसतं. डोळा लागलाच नाही म्हणणारा माणूस नोंदीत काही तास झोपलेला असतो. म्हणून त्याला खोटं ठरवू नये. त्याच्या झोपेला विसाव्याची चव नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. आई म्हणते "झोपला होता", मुलगा म्हणतो "नव्हतो", आणि दोघंही खरं बोलत असतात.

घरोघरी नेमकं इथे बिनसतं. "मोबाइल ठेव", "चहा पिऊ नकोस", "डोळे मीट, येईल झोप", "उद्या शाळा आहे" अशा सूचनांचा मारा सुरू होतो. या सूचना चुकीच्या नाहीत, पण त्यांचा जीव लहान आहे. झोपेच्या चांगल्या सवयींची यादी हा एकटाच उपचार म्हणून देऊ नये, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. यादी हातात दिल्यानं झोप येत नाही; न झोपण्याचा दोष मात्र मुलाच्या खात्यावर चढतो. ज्या मुलाला आपल्या आजारामुळे घर कर्जात बुडालं असं आधीच वाटतं, त्याला आता झोपण्यातही आपण नापास झालो असं वाटू लागतं. त्यावर कोणी नातेवाईक येऊन पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशेब मांडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला योग साधत नाही असं म्हटलं आहे, खरं. तो उपदेश समर्थ शरीराच्या योद्ध्याला केलेला होता. कळ आल्यानं जागणाऱ्या मुलावर तो फेकून मारण्यासाठी नाही. चरकानं निद्रानाशाच्या कारणांत रोगाला जागा दिली आणि रोगामागून येणारी झोपही वेगळी मोजली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे कळत होतं, ते आजच्या नातेवाइकाला कळायला हरकत नाही.

मोबाइलचंही तेच. रात्री दोन वाजता जागा असलेल्या आजारी मुलाशी बोलायला जगात दुसरं कोणी नसतं. त्याच आजाराचा दुसऱ्या गावातला मित्र त्या पडद्यामागे भेटतो. पडद्याचा उजेड झोप लांबवतो, म्हणून तो दूर ठेवायला हवा. पण ती सोबत काढून घेणाऱ्यानं तिच्या जागी दुसरी सोबत द्यायला हवी. संध्याकाळी जेवणानंतर पाव तास काळजीसाठी राखून ठेवण्याची एक साधी पद्धत सीबीटी-आयमध्ये आहे. त्या पाव तासात मुलानं मनातली भीती बोलावी किंवा लिहावी, शेजारी बसलेल्या मोठ्या माणसानं ती खोडून न काढता ऐकावी, आणि जिच्यावर काही करता येईल तिच्यापुढे काय करायचं ते लिहावं. रात्री तीच भीती उगवली तर ती वहीत नोंदलेली असते.

आता दुसरा प्रश्न, अधिकाराचा. निरोगी माणसाला "सोडून द्या" म्हणणं सोपं असतं, कारण त्यानं पहारा सोडला तरी काही बिघडत नाही. मधुमेही मुलीचा पहारा खरा असतो. तिनं तो सोडावा असं वाटत असेल, तर दुसऱ्या कोणीतरी तो आपल्याकडे घ्यायला हवा, आणि घेतला आहे हे तिला दिसायला हवं. तिच्या बाबतीत वैराग्याची किंमत घरानं मोजायची असते. म्हणून झोप हा एकट्या शरीराचा गुण आहे, असं मानून चालत नाही. ती भरवशावर येते, आणि भरवसा देणं हे दुसऱ्याचं कर्तव्य ठरतं. औषधाविना उपचारांची पुस्तकं या कर्तव्याबद्दल फार थोडं बोलतात. धर्मपरंपरा मात्र बोलतात.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसारानं खंगलेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला बुद्धांना दिसला. शिष्य आनंदाला पाणी आणायला सांगून दोघांनी त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. मग बुद्धांनी भिक्षूंना एकत्र बोलावून सांगितलं, की इथे तुम्हाला आई नाही, वडील नाहीत. तुम्ही एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? माझी सेवा करू इच्छिणाऱ्यानं आजाऱ्याची करावी. रुग्णानं मन शांत ठेवावं, अशा उपदेशानं बुद्धांनी सुरुवात केली नाही. आधी त्याला धुतलं, मग इतरांच्या कर्तव्याबद्दल ते बोलले.

पंढरपुरात हीच गोष्ट देवाच्या दिनक्रमात दिसते. एरवी विठ्ठलाला पहाटे काकडआरतीनं उठवतात आणि रात्री शेजारतीनं निजवतात. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेआधी देवाचा पलंग काढतात. यात्रेच्या त्या दिवसांत शेजारती होत नाही, दर्शन चोवीस तास चालू राहतं, आणि कोसांवरून चालत आलेल्यांसाठी देव जागा उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्यानं स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. या रिवाजात झोपेबद्दलचं शहाणपण पुरेपूर आहे. झोपेला ठरलेली वेळ आहे, निजवण्याचा ठरलेला विधी आहे. थकलेल्यांसाठी कोणीतरी आपली झोप काही दिवस सोडतं, आणि जागणाऱ्याचा शीणही नंतर काढावा लागतो. आजारी मुलाच्या आईचा पलंग कित्येक घरांत वर्षानुवर्षं काढलेलाच असतो. तिची प्रक्षाळपूजा कोणी करत नाही.

पहारा वाटून घेतला तरच तो टिकतो. रात्री साखर किती खाली आली तर उठायचं, कोणी उठायचं, काय द्यायचं, किती वेळानं पुन्हा पाहायचं, हे डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहिलं आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार वडील, बाकीचे दिवस आई, रविवारी मामा किंवा मोठी बहीण असा क्रम लावला, तर मुलीच्या डोक्यातला पहारेकरी खाली बसतो. सतत साखर मोजणारं उपकरण परवडत असेल तर त्याचा भोंगा आईवडिलांच्या फोनवर वाजू द्यावा. मुलीच्या उशाशी तो दर तासाला वाजत राहिला तर यंत्र लावूनही झोप जाते. सिकलसेलच्या मुलाच्या हाताशी पाण्याचा तांब्या असावा, शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा असावा, आणि अंथरूण ओलं झालं तर त्याचा गवगवा होऊ नये. चरकानं झोपेसाठी सांगितलेली सामग्री आजही वाचावी अशी आहे. अंगाला तेल, स्नान, दूध, मनाला रुचणारे गंध आणि आवाज, हलक्या हातानं अंग चेपणं, सुखाचं अंथरूण, योग्य वेळ. यातल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या माणसाच्या हातून होणाऱ्या आहेत.

घराबाहेरच्यांचीही यात जबाबदारी आहे. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षं आसरा देत आली आहे. पाठ टेकायला जागा मिळाली की रुग्ण झोपतो आणि त्याच्याबरोबर आलेला माणूसही. रुग्णालयातली रात्र मात्र अजून कठीण आहे. वॉर्डात रात्री आवाजाची सरासरी पातळी ३० डेसिबलच्या आसपास असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्यक्षात सगळे दिवे रात्रभर जळतात, ट्रॉली खडखडते, पहाटे पाचला रक्त घेतात. ज्या तपासण्या एकत्र करता येतील त्या एका फेरीत उरकाव्यात, वॉर्डाचा एक भाग अंधारा ठेवावा, एवढ्यासाठी अंदाजपत्रक लागत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी १८५९ मध्येच रुग्णाच्या कानावर पडणाऱ्या अनावश्यक आवाजाला क्रूर ठरवलं होतं.

रस्त्यावरच्या आवाजाचं काय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं झोपेला राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात स्थान दिलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं स्पष्ट केलं. कायद्याच्याही आधी हा श्रद्धेचा प्रश्न आहे. ज्या परंपरेत देव थकलेल्यांसाठी आपला पलंग सोडतो, तिच्या नावानं आजारी मुलाच्या खिडकीखाली डीजे लावता येत नाही. व्रतांच्या बाबतीतही परंपरा पुरेशी दयाळू आहे. एकादशीच्या उपासातून शास्त्रांनी मुलांना आणि आजाऱ्यांना वगळलं आहे, रमजानच्या रोज्यातून कुराणानं आजाऱ्याला सूट दिली आहे. नवरात्रात किंवा शिवरात्रीला मधुमेही मुलानं उपाशी जागावं, असा आग्रह धरणारा माणूस धर्माच्या पलीकडे जाऊन बोलत असतो.

शाळेनंही थोडं सरकायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार सरकारी कागदावर आला, ही स्वागताची गोष्ट झाली. पण झोपेचं घड्याळ पुढे सरकतं ते वयात येताना, म्हणजे सातवी-आठवीच्या पुढे, आणि नेमकी तीच मुलं या आदेशात नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नये अशी शिफारस केली होती. सगळ्यांसाठी वेळ बदलेपर्यंत निदान दीर्घ आजाराच्या मुलाला पहिला तास चुकल्याची शिक्षा मिळू नये, एवढं कोणताही मुख्याध्यापक आज ठरवू शकतो.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना साखरेच्या किंवा हिमोग्लोबिनच्या कागदांबरोबर आणखी एक वही न्यावी. किती वाजता अंथरुणावर पडला, अंदाजे किती वाजता डोळा लागला, किती वेळा आणि कशानं जाग आली, सकाळी कधी उठला, दिवसा कसं वाटलं, अशा पाच नोंदी दोन आठवडे ठेवायच्या. मुलाला जमत असेल तर त्यानं लिहाव्यात, नाहीतर मोठ्यांनी, आणि त्यासाठी रात्री घड्याळ बघत बसायचं नाही. सकाळी आठवेल तेवढं पुरे. त्याच वहीत रात्री जागणाऱ्या मोठ्या माणसाची झोपही नोंदवावी. डॉक्टरांनी झोपेबद्दल आपणहून विचारलं नाही, तर वही त्यांच्यापुढे उघडून ठेवावी.